बंदरवाले वकीलसाहेब आणि माझा भोंगा

माझी सगळी हयात दुसऱ्यांचे आवाज मोठे करण्यात गेली. त्यामुळे मला स्वतःला ओरडून बोलायची खोड लागली, ती अजून सुटलेली नाही. आमच्या घरी चहात साखर कमी झाली तर ते शेजारच्या दोन घरांना कळतं. यवतमाळात माझं सायकल आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पण जिल्हाभर मला ओळखत ते 'गजाभाऊ भोंगेवाला' म्हणून. लग्न असो, कीर्तन असो, फिरत्या टॉकीजची जाहिरात असो की पुढाऱ्याची सभा, लाउडस्पीकर माझा. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, डीजेच्या जमान्यात तुमचा भोंगा वाचणार कोण?" म्हटलं, बाप्पा, आयुष्यभर लोकांना ऐकवलं, आता थोडं वाचू दे.

हा धंदा काय होता ते आधी सांगतो. एक माइक, एक अँप्लिफायर, दोन पत्र्याचे भोंगे, वायरीची वेटोळी आणि मोटारीच्या बॅटऱ्या, एवढा संसार. खेड्यात वीज नव्हती, म्हणून बॅटऱ्या. त्या एसटीच्या टपावर चढवायच्या, फाट्यावर उतरवायच्या आणि पुढं बैलगाडीनं न्यायच्या. अँप्लिफायरमधले काचेचे व्हॉल्व्ह तापल्याशिवाय आवाज निघत नसे. पुढारी कितीही मोठा असो, व्हॉल्व्ह तापेपर्यंत त्याला गप्प उभं राहावं लागे. तेवढा वेळ राज्य माझं असायचं. भोंग्याचं तोंड चुकून माइककडं झालं की शिट्टी वाजायची. मग लोक पुढाऱ्याला हसत आणि पुढारी मला शिव्या घालत.

माइकपुढं माणूस कसा उभा राहतो त्यावरून मी त्याचं पाणी ओळखायचो. कुणी माइक ओठाला लावायचा, कुणी त्याच्यापासून चार हात दूर उभा राहून गळ्यातल्या हाराशीच बोलायचा. नेरला एक कापसाचे व्यापारी होते, ते दर वाक्याला अंगठीनं माइकवर टकटक करत. वायर तुटली की माझ्यावर डाफरत आणि वर म्हणत, "माल कमजोर हाये तुहा."

ज्या उस्तादांकडं नागपूरला मी काम शिकलो, त्यांनी एकच नियम सांगितला होता. भोंगेवाल्याला कान असावेत, तोंड नसावं. आज एका पक्षाची सभा, उद्या दुसऱ्याची. भोंगा तोच, झाडही बहुतेक तेच. आपलं मत आपल्या खिशात ठेवायचं. हा नियम मी एकदाच मोडला.

भोंग्याचं तोंड कुणीकडं करायचं हे मात्र गिऱ्हाईक सांगेल तसं. छप्पन सालानंतर मारेगावकडच्या एका वस्तीत, नव्यानं बौद्ध झालेल्या लोकांनी त्यांच्या पहिल्या बुद्धपौर्णिमेला मला बोलावलं. मी भोंगा वस्तीकडं तोंड करून बांधत होतो, तर एक म्हातारे पुढं आले. म्हणाले, "इकडं नोको. तिकडं कर, गावच्या विहिरीकडं. त्या विहिरीवर आमाले कोनी चढू देलं नाई. आता आमची वंदना तरी तिच्यावर जाऊ दे." मी दोन्ही भोंगे विहिरीकडं फिरवले. त्या दिवशी मला माझ्या धंद्याचा फार अभिमान वाटला.

आता वकीलसाहेबांचं सांगतो, कारण हा लेख खरा त्यांच्यासाठीच आहे.

वकीलसाहेब मूळचे घाटंजीजवळच्या एका खेड्यातले. वकिली यवतमाळात. छप्पन साली आपले जिल्हे मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्याला जोडले गेले, तेव्हा वकीलसाहेब वेगळ्या विदर्भाच्या बाजूनं गावोगाव बोलत फिरले आणि त्यांच्यामागं माझा भोंगा फिरला. पुढच्या वर्षी ते निवडून येऊन दिल्लीला गेले. साठ साली महाराष्ट्र झाला. बरोबरचे पुष्कळ लोक रुसून बसले, वकीलसाहेबांनी मात्र यवतमाळच्या मैदानात सरळ सांगून टाकलं, "जे झालं ते झालं. आता या राज्यात पाहुण्यासारखं राहायचं नाही, घरच्यासारखं राहायचं. आजवर आपल्याला समुद्र नव्हता. आता कोकण आपलं, म्हणजे समुद्रही आपला." दोन जुने सोबती तिथंच व्यासपीठावरून उतरून गेले. माझ्याजवळ बसलेले एक शेतकरीबुवा पुटपुटले, "समुद्र देला म्हन्ते आपल्याले. पानी गोड हाये का त्याचं?"

त्याच सुमारास दिल्लीत त्यांना किनाऱ्याच्या संरक्षणाच्या आणि आरमाराच्या कामासाठी नेमलेल्या एका समितीवर घेतलं. समुद्राकाठचा माणूस सोडून यवतमाळचा का निवडला, ते दिल्लीलाच ठाऊक. पण वकीलसाहेब काम अंगाला लावून घेणारे. लढाऊ जहाजांवर जाऊन आले, ओकून ओकून बेजार झाले, तरी परत गेले. सुट्टीत आले की माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून दीपस्तंभ, गस्तीच्या नौका, किनाऱ्यावर कुठं किती उघडं पडलंय, हे सगळं मला समजावून सांगत. मी सायकलचं पंक्चर काढता काढता हो हो म्हणायचो. समुद्र मी तोवर कॅलेंडरवरच पाहिला होता. गावात विरोधक म्हणू लागले, "इथी विहिरी आटल्या, अन् आमचे खासदार समुद्र मोजून राह्यले."

बासष्टची निवडणूक आली. गोव्याची कारवाई नुकतीच झालेली. वकीलसाहेब पुन्हा उभे राहिले. त्यांना निवडून यायचं होतंच, पण त्याहून जास्त त्यांना आपल्या माणसांना पटवायचं होतं, की पाच वर्षं मी तिकडं पाण्यात काय करत होतो.

पहिली मोठी सभा नेरला झाली. त्या वर्षी माकडांच्या टोळ्यांनी तूर आणि हरभरा पार झोडपला होता. लोक आधीच वैतागलेले. वकीलसाहेब उभे राहिले आणि त्यांच्या दिल्लीतल्या शुद्ध भाषेत म्हणाले, "बंधूंनो, आज आपली बंदरं उघडी पडली आहेत. बंदरांवर पुरेसा पहारा नाही. मी दिल्लीत भांडलो, की आधी बंदरं राखा!"

आता समुद्राकाठच्या माणसाला बंदर म्हणजे गलबतं लागायची जागा. आमच्याकडं बंदर म्हणजे माकड.

सभेत कुजबुज झाली. पहिल्या रांगेतला एक शेतकरी उठला. "काहून साहेब? बंदरावर पहारा कायले पायजे? ते काय कोनाले भेते?"

मागून दुसरा ओरडला, "आमची तूर खाल्ली, आता दिल्लीचा पैसाबी खातीन काय?"

वकीलसाहेबांना वाटलं, हे लोक संरक्षणाच्या खर्चाला विरोध करताहेत. त्यांना चेव आला. मूठ आपटून ते म्हणाले, "खर्च करावाच लागेल! बंदर वाचलं तर देश वाचेल!" माझे दोन्ही भोंगे त्या दिवशी ठणठणीत होते, त्यामुळं हे वाक्य नेरच्या शेवटच्या घरापर्यंत गेलं. निंबाच्या झाडावर चढलेली पोट्टी 'हूप हूप' करू लागली आणि सभा हसण्यात बुडाली.

दुसऱ्या दिवशी तिथंच, त्याच झाडाखाली, त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या पाटलांची सभा. भोंगा अर्थात माझाच. पाटील माणूस बोलायला आळशी, पण पक्का. म्हणाले, "वकीलसाहेब बंदरं राखतीन. मी तुमचं वावर राखीन. बोला, कोनाले मत देता?" एवढं बोलून खाली बसले. टाळ्या थांबता थांबेनात. संध्याकाळच्या एसटीबरोबर 'बंदरवाले वकील' हे नाव दारव्ह्याला पोचलंसुद्धा.

ज्या भोंग्यातून मी वकीलसाहेबांना मोठं होताना ऐकलं, त्याच भोंग्यातून त्यांची फजिती जिल्हाभर वाटली जात होती. उस्तादांची मनात माफी मागितली आणि सकाळीच वकीलसाहेबांच्या घरी गेलो. ते घाटंजीच्या सभेचं भाषण तयार करत बसले होते. वहिनींनी चहा आणून दिला.

म्हटलं, "साहेब, एक बोलू का? सभेत तेवढं 'बंदर' म्हणू नका."

"का बरं? मग काय म्हणू?"

"साहेब, आपल्या इकडं बंदर म्हणजे वांदर."

कप त्यांच्या हातातच राहिला. मला वाटलं, हसतील. पण ते बोलले, आणि तेही वऱ्हाडीत. कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून मी आपली बोली ऐकली.

"गजाभाऊ, माही माय गोफन घेऊन मचानावर उभी राहे. 'बंदरं आली रे, बंदरं आली' म्हनून हाक मारे, त आख्ख्या शिवाराले आयकू जाये. तिले भोंगा नोता लागत. अन् मी तिचा पोरगा, तो शब्दच इसरलो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पडलो त पडलो. पन घाटंजीच्या लोकाइले मी परका वाटाले लागलो, त मंग कमावलं काय मी?"

मी चहा संपवला आणि निघालो.

घाटंजीची सभा बाजाराच्या दिवशी दुपारी होती. माणसं मावत नव्हती, आणि निम्मी तरी बंदरवाल्या वकिलाला हसायलाच आली होती. मी एक भोंगा सभेकडं आणि एक बाजाराकडं तोंड करून बांधला. वकीलसाहेब माइकपुढं आले. व्हॉल्व्ह तापेपर्यंत नेहमीप्रमाणं थांबावं लागलं, आणि तेवढ्यात कुठून तरी 'हूप' झालंच. लोक हसले. वकीलसाहेबही हसले. हातात एकही कागद नव्हता.

"मायबाप हो, मले बंदरवाला म्हन्ता ना? खरं हाये. माह्या मायनं जिंदगीभर बंदरं हाकलली, तवा मी शाळेत गेलो." हशा झाला, पण हा हशा वेगळा होता. "आता आयका. आपला देश म्हंजे एक वावर समजा. वरच्या अंगाले पहाडाचा धुरा, बाकी तीन अंगानं पान्याचा. राखन कोठी करा लागते? जिकडून जनावर घुसते तिकडं. त्या पान्याच्या धुऱ्यावर आपले पोट्टे जहाजात बसून जागली करून राह्यले. त्याइचं मचान पडकं, त्याइच्या गोफनीले दगड नाई. मी दिल्लीत त्याइच्यासाठी भांडून राह्यलो. विहिरी इसरलो असन, त बोला मले. पन कायले गेलतो तिकडं, ते आज सांगतलं."

धुरा म्हणजे शेताचा बांध, आणि जागली म्हणजे रात्रभर शेतात बसून केलेली पिकाची राखण. आमच्याकडं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाजारातली घासाघीससुद्धा थांबली. माझ्या उभ्या आयुष्यात इतकी चांगली पोचलेली सभा मी पाहिली नाही.

टाळ्या सुरू होणार तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली. आरशांची चोळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावर बाजाराची टोपली. जवळच्याच बंजारा तांड्यावरची जमनीबाई. टोपली शेजारणीकडं देऊन ती सरळ व्यासपीठाशी आली. वकीलसाहेबांनी मला खूण केली. मी माइकचा दांडा खाली करून तिच्यापुढं धरला.

"साहेब, माहा हिरासिंग तिकडंच हाये. जहाजावर." आवाज भोंग्यातून घुमला तशी ती जरा दचकली, पण थांबली नाही. "आमच्या आज्या-पंज्यानं त्या समुद्राचं मीठ बैलावर लादून आनलं. म्हून त्यालेबी तिकडं जा वाटलं. गोव्याले लढाई झाली म्हन्तेत. त्याच्या आंधीपासून त्याचा कागद नाई."

वकीलसाहेब खाली वाकून ऐकत होते.

"तुमी म्हन्ता, तो जागलीवर हाये. जागलीवरचा मानूस फटफटलं का घरी येते, साहेब. माहा कधी येईन?"

माइकचा दांडा मी धरूनच होतो. भोंग्यातून नुसता श्वास ऐकू येत होता, तिचा की वकीलसाहेबांचा कोण जाणे. पुढारी अशा वेळी काय बोलतात ते मला पाठ होतं: 'धन्य ती माता', मग घोषणा, मग टाळ्या. वकीलसाहेब म्हणाले, "मले माहीत नाई, बाई. पन मी सोता जाऊन पाहून येतो." पुढाऱ्याला माइकवर 'माहीत नाही' म्हणताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही ऐकलं नाही.

वकीलसाहेब पडले. घाटंजीनं टाळ्या त्यांना दिल्या आणि मतं पाटलांना. एकानं मला सांगितलंसुद्धा, "भाषन वकीलसाहेबाचंच पायजे, पन बंदरं त पाटीलच हाकलन ना!" पाटलांच्या मिरवणुकीत बैलगाडीवर भोंगा बांधून मीच 'विजय असो' म्हणत फिरलो. धंदा तो धंदा. पण वकीलसाहेबांच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा मी बॅटरीची वायर निसटल्याचा बहाणा केला आणि गल्ली संपेपर्यंत ती जोडत बसलो.

मग वकीलसाहेब दिल्लीचं घर रिकामं करायला गेले. आता ते कुणाचेच कुणी नव्हते, आणि जमनीबाईला दिलेला शब्द गावही विसरलं होतं. होळी तोंडावर आली असताना एका दुपारी ते माझ्या दुकानात हजर. अंगावर प्रवासाची धूळ, पण चेहरा फुललेला.

"गजाभाऊ, भोंगा घे. तांड्यावर जाचं हाये. पोरगा सापडला!"

दिल्लीहून येताना वाट वाकडी करून ते मुंबईला उतरले होते. समितीच्या कामातली जुनी ओळख काढून गोदीत गेले, हिरासिंगचं जहाज शोधलं. पोरगा धडधाकट होता, आणि पत्रं नेमानं लिहीत होता. घोळ वेगळाच होता. तांडा ओळखला जातो त्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या नावानं. हिरासिंग गेल्यावर म्हातारा नायक वारला, नवा नायक आला आणि तांड्याचं नाव बदललं. पोरगा बिचारा जुन्याच नावानं पत्रं धाडत राहिला, आणि त्याच नावाचा दुसरा तांडा तिकडं पुसदच्या बाजूला होता. इकडं आई वाट पाहत होती आणि तिकडं कुणी अनोळखी लोक तिच्या पोराची खुशाली वाचत होते.

आम्ही एसटीनं गेलो. वकीलसाहेबांची जीप निवडणुकीबरोबर गेली होती. हिरासिंग रजा घेऊन सकाळीच पोचला होता, पांढऱ्याशुभ्र गणवेशात, आणि सगळा तांडा त्याच्याभोवती. रुमालात बांधून त्यानं खडेमीठ आणलं होतं. जमनीबाईनं एक खडा जिभेवर ठेवला आणि बाकीचं मीठ उचलून त्या दिवशीच्या रांधणात घातलं. वकीलसाहेबांच्या डोळ्यांत तेव्हा जे समाधान मी पाहिलं, ते निवडून आले होते त्या दिवशीही नव्हतं.

वकीलसाहेबांची इच्छा अशी, की छोटी सभाच करावी. हिरासिंगनं समुद्राविषयी चार शब्द सांगावेत, आपण दोन शब्द बोलावेत. नायकालाही ते पसंत होतं. मी मोहाच्या झाडावर चढून भोंगा बांधला, बॅटरी जोडली. व्हॉल्व्ह तापत होते. वकीलसाहेब सदऱ्याच्या बाह्या नीट करत माइकपुढं उभे राहिले. तेवढ्यात जमनीबाई झाडाखाली आली आणि मान वर करून भोंग्याकडं पाहू लागली.

"हे उतरव, बाप्पा."

म्हटलं, "काहून बाई? तुमच्या पोराचा आवाज साऱ्या शिवारात जाईन."

"माहा पोरगा दूर होता तवा बोंबलाव लागे," ती म्हणाली. "आता जवळ हाये. जवळच्या मानसाशी भोंग्यानं बोलतेत काय?"

मी वकीलसाहेबांकडं पाहिलं. ते माइकचा दांडा धरून उभे होते. मग त्यांनी दांडा सोडला, झाडाच्या बुंध्याशी अंथरलेल्या पोत्यावर बसले आणि मला म्हणाले, "उतरव गजाभाऊ. मी कायले पडलो, ते आता समजलं मले."

मी भोंगा उतरवला, वायर गुंडाळली आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. मायलेक उंबऱ्यावर बसून त्यांच्या गोर बोलीत हळू हळू बोलत होते. सगळ्यांचं सगळं ऐकायची सवय असलेल्या माझ्या कानांना त्यातलं अक्षर कळलं नाही, आणि कळावं असं वाटलंही नाही. आम्ही दोघं त्यांच्याकडं पाठ करून, समुद्राचं मीठ घातलेली भाजी आणि भाकर गुपचूप खात राहिलो.

संध्याकाळी घरी आलो. हातपाय धुतले, चहा मागितला. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "काहून इतकं हळू बोलून राह्यले? बरं नाई काय तुमाले?"